आर्डिथची मूठ

लेव्हल क्रीकवर कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही. ऐंशीच्या ऑरिन थेयरलासुद्धा पोरंटोरं ‘अरे ऑरिन’ म्हणतात. मिझुरीच्या डोंगरात ही वस्ती त्यानंच उभी केली. घर सगळ्यांचं, ताट सगळ्यांचं, पोरंही सगळ्यांची. निर्णय एकमतानं. मंडळ करून बसायचं, पटलं तर तळहात उघडा धरायचा, नाही पटलं तर मूठ. एका मुठीनं ठराव पडतो. मात्र मूठ वस्तीच्या भल्यासाठी हवी, स्वतःच्या रागापायी नाही.

आर्डिथ केसल सेंट लुइसच्या बुटांच्या कारखान्यातून इथं आली तेव्हा बावीस वर्षांची होती. झाडू बांधायला बसली, ती पस्तीस वर्षं बांधतेच आहे. तिनं आवळलेला झाडू कुणी सैल करून दाखवावा. बोलणं बेताचं, लक्षात ठेवणं फार.

तिची मॅरेन चार वर्षांची असताना तापानं फणफणली. मुलं तेव्हा बालघरात राहायची आणि आईची पाळी आठवड्यातून एकदा यायची. ताप उतरेपर्यंत मी तिथंच थांबू का, असं आर्डिथनं मंडळात विचारलं. सगळ्यांचे तळहात उघडले. ऑरिनची मूठ वर आली.

“आज एक पोर एकीचं झालं,” तो म्हणाला, “की उद्या प्रत्येक पोर कुणाचं तरी होईल. मग आपण इथं आलो कशाला?”

मॅरेन बरी झाली. पण त्या आठवड्यात बालघरातल्या ज्या बाईच्या कुशीत ती पडून होती, तिच्याच मागंमागं नंतरही फिरत राहिली. आर्डिथला ती आर्डिथच म्हणे. सतराव्या वर्षी निघून गेली. नाताळात ओरेगनहून तिचं पोस्टकार्ड येतं, ‘लेव्हल क्रीकच्या सर्वांस’. ते जेवणघराच्या फळ्यावर टाचतात. आर्डिथ ताट घेऊन रांगेत उभी राहते आणि सगळ्यांबरोबर वाचते.

पुढं बालघर बंद झालं. पोरं आईबापांपाशी झोपू लागली. त्या ठरावाला ऑरिननंही तळहात उघडला. आर्डिथकडे मात्र कुणी पाहिलं नाही.

या वसंतात ऑरिनची डावी बाजू गेली. वस्तीच्या रिवाजाप्रमाणे त्याला भरवायला, पुसायला लोक पाळीनं जाऊ लागले. कॅन्सस सिटीहून त्याचा मुलगा टोबिन आला. तोही बालघरातच वाढलेला, मॅरेनहून वर्षानं मोठा. पाहुण्याला तीन आठवड्यांहून जास्त राहायचं तर मंडळाची संमती लागते. ऑरिननं चाकाच्या खुर्चीतून, जड जिभेनं, स्वतःच ठराव मांडला: शेवटपर्यंत टोबिन माझ्याजवळ राहू दे.

तळहात भराभर उघडले. आर्डिथची मूठ वर आली.

मंडळ चालवायची पाळी डेल्फीनची होती. तिनं कारण विचारलं.

“आज एक म्हातारा एकाचा झाला,” आर्डिथ म्हणाली, “की उद्या प्रत्येक म्हातारा कुणाचा तरी होईल. मग ज्याला कुणीच नाही, त्याच्याकडे कोण बघणार?”

जुन्या लोकांनी माना खाली घातल्या. डेल्फीन म्हणाली, अगं, हे पोरांसाठी आपण कधीच सोडलं.

“पोरांसाठी सोडलं. म्हाताऱ्यांसाठी कधी सोडलं ते सांग.”

“हा तुझा राग आहे, आर्डिथ.”

“ऑरिनला विचार. कारण त्याचंच आहे.”

सगळे ऑरिनकडे वळले. आर्डिथनं मूठ तशीच धरून त्याला सांगितलं, ‘त्या दिवशी मी चुकलो’ एवढं इथं, सगळ्यांसमोर म्हण, की मी हात उघडते. टोबिन खुर्चीपाशी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, “म्हणून टाक ना.”

ऑरिननं बराच वेळ तोंड हलवलं. मग एकेक शब्द सोडला. “ते चूक... तर ही सगळी वस्तीच चूक. कारण बरोबर आहे तिचं.”

ठराव पडला.

एकविसाव्या दिवशी टोबिननं गाडीत पिशवी टाकली आणि झाडूच्या शेडपाशी आला. आर्डिथ तारेचा पीळ आवळत होती.

“मला त्यानं कधी कडेवर घेतलं नाही,” तो म्हणाला. “मी सगळ्यांचा होतो ना. आता हे शेवटचे दोन महिने मिळतील वाटलं होतं. त्याच्यासाठी नाही गं, माझ्यासाठी.”

आर्डिथचा हात थांबला. “मग तुझ्या बापाला सांगायचं होतंस.”

“त्याला सांगितलं. तुला सांगायचं राहिलं होतं.”

गाडी खाली उतरून गेली. तिनं पीळ आणखी एक वेढा आवळला, तशी तार तुटली.

गुरुवारी दुपारी तिची पाळी होती. घेवड्याचं सूप घेऊन ती गेली, रुमाल बांधला, भरवलं. ऑरिन दारावरून नजर हटवत नव्हता.

“सुख झालं?” त्यानं विचारलं.

“वाटलं होतं तेवढं नाही झालं,” ती म्हणाली. “तोंड उघड.”

तिनं वाटी तळापर्यंत संपवली, त्याची हनुवटी पुसली. तास भरला तशी उठली. त्यानं उजव्या हातानं तिची बाही धरली. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि पुढच्या पाळीच्या माणसाला आत बोलावलं.