नवं गाणं आधी कुणाला

माझी मैत्रीण गाणी करते. शब्द तिचे, चाल तिची, आवाजही तिचाच. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. लग्न होऊन ती सांगवीला गेली आणि मी इंदापुरात आले. तिच्या पाठीशी कुठली मोठी कंपनी नाही. बारामतीत एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत ती गाणं रेकॉर्ड करते, यूट्यूबवर स्वतःच टाकते आणि सगळी गाणी पेनड्राइव्हवर भरून विकते. ट्रॅक्टरवाले, पिकअपवाले हौसेनं घेतात.

सुरुवातीला ते विकायला मी एकटीच होते. लोणी देवकरला एका कारखान्यात मी पॅकिंगला आहे. जाता-येता कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरला तिचीच गाणी लावायला सांगायची, आणि एखादी बाई मान डोलवायला लागली की पर्समधून पेनड्राइव्ह काढायचा. ‘घे, नवऱ्याच्या गाडीत लाव.’ मी त्याबद्दल कधी काही मागितलं नाही. मला मिळत होतं ते दुसऱ्या कुणालाच मिळत नव्हतं. नवं गाणं झालं की ती मला फोन करायची आणि वाद्यांशिवाय, नुसतं म्हणून दाखवायची. मागं कुकरची शिट्टी व्हायची, सासू हाक मारायची, ती तशीच म्हणत राहायची. मी म्हणायचे, “लई भारी झालंय.” तेवढा वेळ ते गाणं आम्हा दोघींचंच असायचं.

मग विकणाऱ्या वाढल्या. तिनं व्हॉट्सॲपवर ग्रुप केला आणि जाहीर केलं, जी सगळ्यांत जास्त विकेल तिचा आवाज पुढच्या गाण्याच्या कोरसमध्ये. भांडी घासताना मी आवाज लावून बघायला लागले. माझ्याशिवाय दुसरं कोण असणार होतं?

निघाली ती इंदापुरातलीच एक भाभी. बांगड्यांचं दुकान चालवणारी, चार महिन्यांपूर्वी ग्रुपमध्ये आलेली. सगळ्यांनी फुलं टाकली. मीही एक गुलाब टाकला आणि फोन उपडा ठेवला.

सुट्टीच्या दिवशी मी तिच्या दुकानात गेले. घरी सांगितलं, बांगड्या भरून येते. खरं तर मला तिला बघायचं होतं. तिनं मला लगेच ओळखलं, बसायला स्टूल दिलं, माझा हात हातात घेतला आणि बांगड्या चढवता चढवता गुणगुणायला लागली. चाल माझ्या मैत्रिणीचीच होती, पण गाणं मी कधी ऐकलेलं नव्हतं.

“हे कुठलं?” मी विचारलं.

“नवीन हाय. दीदींनी परवा फोनवर म्हणून दाखवलं. तुमी न्हाय ऐकलं?”

“ऐकलंय की,” मी म्हणाले.

“हात सैल सोडा ताई. लई आवळलाय. बांगडी फुटंल.”

फुटलीच. तिनं दुसरी भरली. कोरस गेल्याचं मी गिळलं असतं. पण तो फोन! घरी जाईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं तेवढंच होतं, की सांगवीतून फोन लागतोय आणि तो या दुकानात वाजतोय.

रेकॉर्डिंगला मैत्रिणीनं मलाही बोलावलं. जायचं नाही असं ठरवूनही मी सकाळच्या एसटीनं बारामतीला गेले. त्या खोलीत कोरसच्या नेहमीच्या तिघींशेजारी भाभीला माईकसमोर उभं केलं. बांगड्या वाजतात म्हणून रेकॉर्डिंगवाल्यानं त्या काढायला लावल्या आणि त्या तिनं माझ्याकडे दिल्या. मी कोपऱ्यात त्या मांडीवर घेऊन, वाजू नयेत म्हणून श्वास धरून बसले. ती चुकावी असं मला फार वाटत होतं. ती चुकली नाही.

चहाला बाहेर आलो तेव्हा भाभी आत गाणं ऐकत थांबली होती. मी मैत्रिणीला विचारलंच, “मला आधी का न्हाय ऐकवलंस?”

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, “तू दरवेळी लई भारी म्हणतीस गं.”

“मग? वाईट म्हणू?”

“गाणं स्कूटीवर माहेरी निघालेल्या बाईचं हाय ना. दुसऱ्या कडव्यात मी तिला आईच्या आठवणीनं रडवली होती. भाभी म्हणली, गाडी चालवताना रडाय लागली तर पडंल की ती! मला हसूच फुटलं. मग ते कडवंच बदललं.”

मलाही हसू आलं, आणि आलं म्हणून स्वतःचाच राग आला. मला ते कडवं ऐकवलं असतं तर मी रडले असते आणि भारी म्हणाले असते.

परतीच्या एसटीत भाभी माझ्याच शेजारी बसली. डबा उघडून तिनं शिरखुर्म्यासारखी गोड शेवई पुढं केली. मी खाल्ली. चांगली होती.

“ताई, कंपनीतल्या बायकांना तुमी कशा पटवता? मला तर दुकानात आलेलंच गिऱ्हाईक मिळतं.”

बसमधली गाणी, मान डोलवणं, पर्स, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं.

“काय न्हाय, असंच बोलता बोलता,” मी म्हणाले आणि खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत बसले.

गाणं आलं तेव्हा मी ते कारखान्यातल्या सगळ्यांना पाठवलं. कोरसमध्ये चौघी आहेत. मला एकच ऐकू येते.