साय घेऊन दौंडला

कवठे येमाईच्या वेशीबाहेर पडलो तेव्हा नुकतं तांबडं फुटलं होतं. खांद्यावर घोंगडी, एका हातात चरवी (दूध काढायचं पितळी भांडं) आणि दुसऱ्या हातात चंद्रीचा कासरा (जनावराचा दोर). चंद्री म्हणजे माझी म्हैस. आम्ही दोघं दौंडला निघालो होतो, पायी. एस. टी. म्हशीला घेत नाही आणि म्हशीवाचून माझं दौंडला काही काम नव्हतं.

कारण सांगतो. माझा नातू संपत दौंडला रेल्वेच्या तालमीत मेहनत करत होता. राहायला आत्याकडं, म्हणजे माझ्या लेकीकडं, गंगूकडं. तिचा नवरा इंजिनाच्या शेडात कामाला. येत्या रविवारी रेल्वेचे साहेब कुस्त्या बघून चांगल्या पोरांना नोकरीवर घेणार होते. आमच्या घरात आजवर कुणाला सरकारी नोकरी लागली नव्हती. सगळ्यांचा जीव त्या रविवारात अडकला होता.

अशात आमच्या गावचा सोपाना दौंडहून आला आणि चावडीपुढं सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आबा, तुमचा संपत सपरेट दूध पितोय."

सपरेट म्हणजे यंत्रात घालून मलई काढून घेतलेलं दूध. मी म्हटलं, "खोटं बोलतोस."

"डोळ्यांनी बघितलं. चहात घातलं तरी चहाला कळायचं न्हाई, असलं पांढरं पाणी!"

चावडी हसली. मी या तालुक्यात अंगाला माती लावून नाव काढलेला माणूस. माझी शाळा दुसरीत सुटली, पण तालीम कधी सुटली नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना पावडरीचं दूध प्यावं लागलं, तेव्हा मी शपथ घेतली होती की माझ्या घरात पुन्हा असलं काही यायचं नाही. त्या दुष्काळात स्वतः अर्धपोटी राहून मी चंद्रीला जगवली ती कशासाठी? दुसऱ्या दिवशी निघालोच. रेडकू घरी ठेवलं. सून म्हणाली, "रेडकाबिगर म्हस पान्हवंल व्हय?" म्हटलं, चंद्री माझ्या हाताला पान्हवते.

आणि पान्हवली! मलठणला पोचल्यावर एका खळ्यात बसलो, तिच्या कासेला हात लावला, कानात दोन शब्द बोललो, आणि चरवीत फेस उभा राहिला. खळेवाल्यांनी भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला, मी त्यांच्या पोरांना दूध दिलं. एका पोराच्या ओठावर पांढरी मिशी उमटली. ती बघून मला वाटलं, बरोबर निघालोय मी.

शिरूरच्या स्टँडपाशी आलो तर काय गंमत! मोटारी सुटत होत्या, भाजीच्या पाट्या टपावर चढत होत्या आणि मधोमध चंद्री उभी. कंडक्टर खिडकीतून ओरडला, "आबा, म्हशीचं तिकीट फुल का हाफ?"

"तुझ्या गाडीपेक्षा लवकर पोचंल ती. बंद पडत न्हाई!" मी म्हणालो. अख्खी गाडी हसली.

चहाच्या टपरीवर एक रिटायर मास्तर बसले होते, पोटानं चांगले भरलेले. टपरीवाल्यानं त्यांच्यासाठी वेगळ्या किटलीतलं दूध ओतलं. निळसर, पातळ. मी विचारलं, "हे काय?"

मास्तर म्हणाले, "सपरेट. डॉक्टरांनी सांगितलंय. साय बंद, तूप बंद. वजन उतरवायचंय."

"वजन उतरवायचंय तर दुधाला का शिक्षा? चला की माझ्यासंगं दौंडला चालत."

मास्तर हसले, पण त्यांनी चहा तोच प्यायला. मी टपरीवाल्याला चंद्रीचं दूध दिलं. त्याचा चहा असा झाला की जो तो कपाकडं बघत होता. मास्तरांनी कप नुसता हुंगला आणि खाली ठेवला. म्हणाले, "चव तुमच्याच दुधाला आहे, आबा. पण मला चव नकोय, जिना चढता यायला पाहिजे." त्या बोलण्याचा मला राग आला. वाटभर तो माझ्याबरोबर चालला.

शिरूरच्या पुढं न्हावऱ्याचा रस्ता. थंडी सरत आलेली, ज्वारी हुरड्याला आलेली, विहिरींवर इंजिनं धडधडत होती. एका मळ्यात शेवंती फुलली होती, चंद्रीनं जाता जाता तिचा एक घास घेतलाच. मालकीण खुरपं घेऊन धावली. मी चरवी पुढं केली, तर म्हणाली, "फुलं खाल्लेल्या म्हशीचं दूध वासाचं निघंल!" पण प्यायली. प्यायली आणि म्हणाली, "न्हाई हो, साखरंवानी हाय." असा प्रवास. ज्याच्या दारात टेकलो त्याच्या दारात दूध दिलं, आणि कुणी मला उपाशी निजू दिलं नाही.

मांडवगणच्या अंगाला भीमा आली. पलीकडं दौंड तालुका. उतारावर (नदी पायी ओलांडायची उथळ जागा) पाणी मांडीएवढं. मला वाटलं, सरळ पार होऊ. चंद्रीनं पाणी बघितलं आणि मधोमध जाऊन फतकल मारली. नुसतं डोकं वर. मी कासरा ओढला, शेपूट पिरगाळलं, शिव्या घातल्या. माझं धोतर भिजलं, चरवी वाहून चालली होती ती पळत जाऊन धरली. चंद्री डोळे मिटून बसलेली.

काठावर एक बाई धुणं आपटत होती. ती म्हणाली, "मामा, म्हशीसंगं कुस्ती धरलीय का?"

"नातवाची रविवारी कुस्ती हाय. आन् ही बया हितं बसलीय!"

"तिचं अंग निवलं की तिची ती उठंल. वरडून काय उठती व्हय?"

मी ऐकणारा नव्हे. घसा बसेपर्यंत ओरडलो. शेवटी चंद्री उठली, ती तिला उठायचं होतं तेव्हाच. बाई गालातल्या गालात हसत राहिली. मी तिच्याकडं न बघता पार झालो.

शनिवारी दिवस कलायच्या आत दौंड दिसलं. आधी धूर, मग शिट्ट्या, मग रुळांवर रूळ. एवढे रूळ एका जागी मी कधी बघितले नव्हते. फाटकापाशी एका इंजिनानं वाफ सोडली आणि चंद्री अशी उसळली की मी कासऱ्यासकट दहा पावलं फरफटलो. फाटकवाला ओरडला, "आबा, म्हैस आवरा, मेल यायचीय!" मी कोपरं झटकली आणि छाती काढून रेल्वे कॉलनीत शिरलो. एकसारखी घरं, प्रत्येक दारात तुळस आणि वाळत घातलेले काळे डगले. बायका दारात आल्या. पोरं मागं लागली. गंगूनं मला बघितलं, मग चंद्रीला बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"आबा, म्हस कशाला आणली?"

"संपतसाठी."

संपत तालमीतून आला. बारीक झाला होता, पण पोट आत, मांड्या दगडाच्या. पाया पडला. मागून त्याचे वस्ताद आले, डोक्याला रुमाल, कान मोडलेले, म्हणजे खरा पैलवान. मी सरळ विचारलं, "माझ्या नातवाला पाणी का पाजताय?"

वस्ताद ओट्यावर बसले. म्हणाले, "आबा, मीबी सायीच्या दुधावरच वाढलो. पण आता कुस्ती जोड बघून लावत न्हाईत, वजनावर लावत्यात. संपतचा गट बासष्ट किलोचा. काटा वर गेला की पोरगा भाईर, कुस्ती व्हायच्या आधीच. म्हणून महिनाभर साय बंद केलीय, दूध न्हाई."

"साय काढल्यावर दुधात ऱ्हातं काय?"

"ताकद ऱ्हाती. चरबी जाती."

"चरबी म्हंजीच ताकद!"

"मग ती काट्याला सांगा," वस्ताद म्हणाले आणि हसत उठून गेले.

मला हसू आलं नाही. इतक्या लांबून आलो ते काट्याचं ऐकायला? मी चंद्रीखाली बसलो. चरवी भरली. गंगू म्हणाली, "आबा, वस्तादांनी सांगितलं ते ऐकलं न्हवं?" मी चरवी संपतपुढं ठेवली आणि म्हटलं, "पितोस, का ओतू चंद्रीच्याच पायावर?"

संपत चरवीकडं बघत राहिला. मग माझ्या पायांकडं बघितलं. चालून चालून टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यातनं रक्त आलेलं होतं. त्यानं चरवी उचलली आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. माझ्या छातीत ढोल वाजला. म्हटलं, आता बघू उद्या कोण उभं राहतं याच्यापुढं!

रविवारी सकाळी तालमीबाहेर ही गर्दी. पार्सल तोलायचा काटा आणून ठेवला होता. साहेब खुर्चीत. गावोगावची पोरं लंगोटावर उभी, थंडीनं आणि भीतीनं काकडत. संपतचं नाव पुकारलं. तो काट्यावर चढला. दांडी टप्पकन वर गेली आणि वरच राहिली.

"जास्त आहे," साहेब म्हणाले. "सगळ्यांची वजनं संपायच्या आत कमी करून आलास तर ठीक. नाहीतर पुढच्या खेपेला ये."

वस्तादांचा चेहरा उतरला. "परवा तर बरोबर व्हतास. काल काय खाल्लंस?"

मी दोन हात अंतरावर उभा. संपतनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "चुकून पाणी जास्त प्यायलो, वस्ताद."

वस्तादांनी सगळ्यांपुढं त्याला झापलं. "अक्कल हाय का? महिन्याची मेहनत पाण्यात घातलीस!" संपत मान खाली घालून ऐकत राहिला. चूक माझी होती, हे मी तिथं म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडाला असल्या शब्दांची सवयच नाही.

चंद्री तालमीमागच्या बाभळीला बांधली होती. रेडकाच्या ओढीनं सकाळपासून हंबरत, गावाच्या दिशेला तोंड करून उभी. मी गेलो आणि कासरा सोडला. लोक पुढं म्हणाले की कासरा सुटला. सुटला नव्हता. मी सोडला.

घराकडं निघालेली म्हैस काय पळते ते ज्यानं बघितलंय त्यालाच ठाऊक. शेपूट वर, माती उडवत, भीमेच्या वाटेला. मी ओरडलो, "संपत! चंद्री सुटली! धर तिला!" आणि त्याच्या अंगावर माझी घोंगडी टाकली. "हे पांघरून पळ. वारं लागंल."

वारं कुठलं? ऊन चांगलं वर आलं होतं. वस्तादांनी घोंगडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना सगळं कळलं. ते ओरडले, "पळ रे! आबांची म्हस गेली तर आबा तुला दौंडात ऱ्हाऊ द्यायचे न्हाईत!"

संपत पळाला. मी एका ढिगाऱ्यावर चढून बघत होतो. पुढं काळी चंद्री, मागं काळी घोंगडी. दिसेनाशी झाली दोघं. चंद्री रुळावर गेली तर? पोराचा पाय मुरगळला तर? काट्यावर एकेक पोरगा चढत होता, उतरत होता, रांग आटत चालली होती. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी साहेबांच्या आणि काट्याच्या मधे उभा राहून त्यांना दुष्काळातल्या चंद्रीची कहाणी सांगायला लागलो, अगदी सावकाश.

आणि धुळीतून दोघं आली! चंद्री फेसाळलेली, संपत कासरा धरून. घोंगडी काढली तर पिळावी एवढी ओली. गंगूनं पदरानं त्याचं अंग कोरडं पुसलं. तो काट्यावर चढला. दांडी हलली, वर गेली, खाली आली आणि मधे थांबली.

"बसला," साहेब म्हणाले.

मी एवढ्या जोरात शिट्टी मारली की शेडातल्या इंजिनालाही लाज वाटली असेल.

कुस्त्यांना अजून वेळ होता. वस्ताद माझ्याकडं आले आणि म्हणाले, "आबा, काट्याचं काम झालं. आता काढा तुमचं सायीचं. घोट घोट पाजा, एकदम नको."

चंद्री दमली होती, रागावली होती. बराच वेळ पान्हवेना. मग जेमतेम पेलाभर दिलं. संपतनं ते घोट घोट प्यायलं. दुपारी त्यानं समोरच्या गड्यावर ढाकेचा डाव टाकला, आणि तो गडी आकाश बघत पडला. मी कुठं होतो, काय ओरडलो, कुणाच्या गळ्यात पडलो, काही आठवत नाही. गंगू सांगते, मी साहेबांच्या गळ्यात पडलो होतो. संपतचं नाव लागलं. पोरगा रेल्वेत लागला.

निघताना संपत फाटकापर्यंत आला. मी विचारलं, "वस्तादांना खरं का न्हाई सांगितलं?"

"काय खरं?" तो म्हणाला. "पाणीच प्यायलो व्हतो की."

गावाकडं चालताना पुन्हा भीमा आली. चंद्रीनं मधोमध फतकल मारली. मी कासरा ओढला नाही. काठावर बसलो, पाय पाण्यात सोडले. गंगूनं बांधून दिलेली भाकरी सोडली. फडक्यात एक बाटलीही निघाली, बूच लावलेली. आत सपरेट. लेक माझीच, माझ्यासारखीच हट्टी.

इकडंतिकडं बघितलं. धुणं धुणारी बाई नव्हती. कुणीच नव्हतं. चंद्रीचे डोळे मिटलेले. मी बूच काढलं आणि बाटली संपेपर्यंत खाली ठेवली नाही.

गावात सोपानानं चावडीपुढं गाठलंच. "काय आबा, शेवटी काय प्यायला संपत?"

"दोन्ही," मी म्हणालो, "आन् नोकरीला लागला."

बाटलीतल्या दुधाची चव कशी होती ते मी तिथं कुणाला सांगितलं नाही. इथंही सांगणार नाही.