मेथीचा वाफा आणि शालनच्या सात कोंबड्या

कुणाकडं ऑफिसचे किस्से साठतात, कुणाकडं सासरचे. आमच्या तासगावच्या गल्लीत त्यासाठी कुठं जावं लागत नाही. परड्याचं दार उघडं राहिलं की झालं! एसटीत अठ्ठावीस वर्षं कंडक्टरकी केली मी. भरल्या गाडीतनं दारुडे उतरवलेत. रिटायर झाल्यावर ठरवलं, घरामागं मेथीचा एक वाफा करायचा. घरात जाहीरही करून टाकलं, "माझी मेथी उगवल्याबिगर बाजारची मेथी ह्या घरात येणार न्हाई!" आमच्या ह्यांचा मेथीवर भारी जीव. त्यांनी तेव्हाच कपाळाला हात लावला.

*

पहिल्या पेरणीलाच शेजारच्या शालनच्या सात कोंबड्या हजर. मी पुढं बी टाकतेय, त्या रांगेनं मागं. वाफा संपवून वळून बघते तर बी गायब! मी ओरडले, "शालन, कोंबड्या आवर तुझ्या!"

भिंतीपलीकडून ही म्हणते कशी, "आवं आक्का, तुमचा लळा लागलाय त्यास्नी!"

*

मग बाभळीच्या फांद्या आणून वाफ्याभोवती रचल्या. कोंबड्या खालून आरामात आत. काटा रुतला कुणाला? ह्यांना! धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन लंगडत आले. मी तावातावानं फांद्या बाजूला केल्या, तर आत तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलेली.

शालन खूश! "आठ दीस झालं शोधतीया, ही अंडी कुठं घालतीया म्हणून. जागा लय सेफ हाय आक्का, मांजरबी जात न्हाई."

*

समोर सुभेदार आण्णा राहतात, मिलिटरीतनं रिटायर झालेले. त्यांना माझी दया आली. आपला कुत्रा टायगर त्यांनी परड्यात आणून बांधला. "वहिनी, आता बिनघोर ऱ्हावा. चोवीस तास ड्यूटी!"

पहिल्या दिवशी टायगरनं भुंकून एकही कोंबडी फिरकू दिली नाही. मी त्याला दूध-भाकरी घातली. आठवड्यात मेथीनं डोकं वर काढलं, तसं ऊनही तापलं. स्वारीनं काय करावं? पाणी दिलेल्या गार वाफ्यात खड्डा उकरून ताणून दिली. सगळी मेथी अंगाखाली! आण्णांना हाक मारून दाखवलं.

आण्णा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "खंदक खोदलाय, वहिनी. पोझिशन घेतलीय त्यानं!"

*

चौथ्या वेळी माझा जुना खाकी ड्रेस काठीवर चढवून वाफ्यात उभा केला. दुपारपर्यंत त्याच्या दोन्ही खांद्यांवर कोंबड्या!

हे म्हणाले, "ड्रेस तुझा हाय, पर आत तू न्हाईस, हे कळतंय की त्यास्नी! सोड आता नाद. इकत आणू एक पेंडी."

माझा पारा चढला. आणि खरं सांगू? रडूही आलं. जन्मभर लोकांना त्यांच्या त्यांच्या गावी पोचवलं. आता कुठं चार हात जागा माझी म्हणून मिळाली, ती कोंबड्यांना का देऊ? म्हटलं, "पेंडीचं न्हाई वो! मी हटणार न्हाई!"

*

पाचव्या पेरणीला द्राक्षबागेतली जुनी जाळी आणली. कडांवर दगड ठेवले. मेथी दोन पानांवर आली, चार पानांवर आली. मी गल्लीतनं ताठ मानेनं फिरत होते. हे रोज सकाळी जाळीतनं वाकून बघायचे आणि लसूण सोलून ठेवायचे.

अन् उद्या खुडायची म्हणेपर्यंत एक दगड सरकला. सातही आत! उरल्या नुसत्या काड्या. मी तिथंच फतकल मारून बसले.

तेवढ्यात शालन आली. हातात मेथीची हिरवीगार जुडी. "आक्का, वानवळा आणलाय. आमच्या परड्यातली पयली मेथी."

"तुझ्या परड्यातली? अगं, सात कोंबड्या असताना तुझी मेथी आली कशी?"

"आवं, त्या दीसभर तुमच्याकडंच असत्यात की!"

ह्यांचा हात जुडीकडं गेला होता. माझं तोंड बघून त्यांनी तो मागं घेतला. मी खुरपं उचललं, उरलेल्या बियांची पुडी घेतली आणि सहाव्यांदा पेरायला निघाले. शालनच्या परड्यात!