कारण : घरगुती अडचण

शनिवारी सकाळी सात वाजता पद्माताईंच्या श्रीनिवासचा फोन आला. "काकू, आई गेली... पहाटेच." तव्यावरची भाकरी करपून स्वयंपाकघरात धूर झाला तरी मी मोबाइल कानाला धरून तशीच उभी होते. मला लगेच रडू आलं नाही. आधी जे मनात आलं ते लिहायची लाज वाटते, पण पद्माताईंबद्दल लिहायला बसायचं आणि तेवढंच गाळायचं, हे त्यांना चाललं नसतं. माझ्या मनात आलं, आज फॉर्मची शेवटची तारीख, आता गौरीचं काय होणार? अठरा वर्षं सोबत असलेली मैत्रीण गेली आणि मला काळजी पडली ती माझ्या मुलीच्या प्रवेशाची.

पद्माताई आमच्या शाळेत हेडक्लार्क होत्या. शाळा पाचवी ते बारावी, मी तिथल्या लायब्ररीत. त्यांचं टेबल आणि माझं टेबल एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्यांचा आवाज मला दिवसभर ऐकू येई. राहायला सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात. घरात तेलुगू, ऑफिसात मराठी आणि राग आला की दोन्ही एकदम. नाकावर चष्मा, डब्यात रोज शेंगाचटणी आणि उजव्या अंगठ्याला शिक्क्याची जांभळी शाई. मला त्या भित्री भागूबाई म्हणायच्या. मी आहेच तशी. मुलगी पाच मिनिटं उशिरा आली की मी गेटपर्यंत तीन फेऱ्या मारते, आणि गौरीला तर लहानपणापासून दमा. त्या भिंतीपलीकडून म्हणत, "सुनंदा, खाली बस. तू चालून चालून पोरगी लवकर येत न्हाय."

शाळेच्या दाखल्यावर एक रकाना असतो, 'शाळा सोडल्याचे कारण'. आमच्याकडे दहावीनंतर, अकरावीच्या मध्येच, दाखला काढायला पालक येत आणि अर्जात सगळे एकच कारण लिहीत : घरगुती अडचण. पद्माताई तो अर्ज वाचत आणि पालकाकडे परत सरकवत. "घर म्हणजे कोण? नाव लिहा." समोरचा माणूस गोंधळायचा. मग त्या कोरा कागद द्यायच्या. कारण पालकानं आपल्या हातानं लिहायचं, एका ओळीत, आणि मुलाला समोर उभं करून वाचून दाखवायचं. एवढं झाल्यावरही दाखला पाहिजेच असेल तर त्या निमूट शिक्का मारत. दाखला अडवून ठेवायचा अधिकार आपल्याला नाही, हे त्या ठासून सांगत. कितीतरी जण तो कागद तसाच टेबलावर ठेवून मुलाला घेऊन परत जात, कितीतरी जण दाखला घेऊनही जात. त्या दिवशी मग पद्माताई डबा उघडत नसत.

उजनीच्या पाण्याकाठच्या गावातले एक गृहस्थ मला चांगले आठवतात. मुलगी अकरावी सायन्सला, इथं मावशीकडे राहायची. ते मोटारसायकलवरून आले होते, हाताला ग्रीस, मोटर दुरुस्त करता करता उठून आल्यासारखे. त्यांनी 'घरगुती अडचण' लिहिलं. नाव लिहा म्हटल्यावर बराच वेळ पेन धरून बसले आणि 'मी' असं लिहिलं. मुलगी दाराशी उभी. पद्माताई म्हणाल्या, "तुमची काय अडचण हाय ते लिहा की मग." ते लिहीनात. शेवटी म्हणाले, "बाई, ही काय शिकती ते मला कळत न्हाय. घरी आली की काय इचारावं तेबी कळत न्हाय. लोक इचारतात, पोरगी पुढं काय होणार, मी गप बसतो. लई भ्या वाटतं, आपल्या हातनं पोर निसटून चालली म्हणून." मुलीनं बापाकडे पाहिलं, मला वाटतं पहिल्यांदाच नीट पाहिलं. दाखला त्या दिवशी निघाला नाही. पद्माताईंनी त्या गृहस्थांना पुढच्या शनिवारी परत बोलावलं, एकटंच, मुलीशिवाय.

तिथून पालकांचा शनिवार सुरू झाला. मुलांना शिकवायला शिक्षक आहेत, पालकांना कोण शिकवणार, असं त्यांचं म्हणणं. वर्ग आठवी ब मध्ये, नऊ ते अकरा. अकरावी म्हणजे काय, हजेरी कमी पडली तर काय होतं, प्रॅक्टिकलची वही कुणाकडून तपासून घ्यायची, नॉन क्रिमिलेअर आणि जात पडताळणीचे कागद बारावीचा निकाल लागायची वाट न पाहता आधीच कसे काढून ठेवायचे, सगळं त्या फळ्यावर लिहून सांगत. पेपर सुटल्यावर मुलाला काय विचारायचं, हे तर त्या करूनच दाखवत. एक आई मूल व्हायची, एक बाप दारात उभा राहायचा आणि "कसा गेला पेपर?" म्हणाला की पद्माताई डस्टर आपटत. "आधी पाणी द्या त्याला. पेपर कुटं पळून चाललाय?" मोठमोठी माणसं आठवीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायची आणि हसायची. दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या, शनिवार मात्र सोडला नाही.

हे सगळं त्या का करत, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका नववीतल्या मुलीचा दाखला त्यांनी काढून दिला होता. आईवडील आले, 'घरगुती अडचण' लिहिलं, यांनी शिक्का मारला. "पोरगी दारात उभी होती, सुनंदा. मी मान वर करून बघितलंसुद्धा न्हाय. पुढचा माणूस रांगेत होता." ती मुलगी पुढं लग्न होऊन पद्माताईंच्याच गल्लीत आली. विड्या वळते. रोज सकाळी दारात भेटली की नमस्कार करते, चहाला बोलावते. "ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती हसती, मला भीती वाटती." दर वेळी दाखल्याचा अर्ज समोर आला की तीच दारात उभी दिसते, असंही म्हणाल्या. मी इतकी वर्षं भिंतीपलीकडे बसून त्यांना धीट समजत होते.

यंदा गौरी बारावी झाली. मार्क चांगले, इंजिनिअरिंगला जायचं तिचं पक्कं. प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, त्यात कॉलेजांची यादी आपल्या पसंतीच्या क्रमानं लावायची आणि पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तेच घ्यायचं, मग बदल नाही. गौरीचे बाबा गावाकडे केळीची बाग बघतात, आठवड्यातून दोन दिवस घरी. ते म्हणाले, तुम्ही दोघी ठरवा. आम्ही शाळेतल्या कॉम्प्युटरवर बसून यादी लावली. एक नंबरला पुण्याचं कॉलेज. सोलापुरातलं, घरापासून वीस मिनिटांवरचं, अकराव्या नंबरला. गौरी म्हणाली, "आई, शनिवारपर्यंत तू कन्फर्म करून टाक, मी परत बघत नाही, उगाच धडधड होते."

त्यानंतर मला झोप लागेना, जेवण जाईना. आठवीत असताना तिला शाळेत दम लागला होता, ओठ निळे पडलेले, आणि मी भिंतीपलीकडेच होते म्हणून दम्याचा पंप वेळेवर मिळाला. पुण्यात भिंतीपलीकडे कोण असणार? मला सारखी ती एका अनोळखी खोलीत खाली बसलेली दिसायची. गुरुवारी दुपारी ऑफिसात कुणी नसताना मी लॉगिन केलं. ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो. अकरावं कॉलेज उचलून मी एक नंबरला आणलं. तिच्या मार्कांना ते मिळणार हे नक्की होतं. सेव्ह केलं, कन्फर्म मात्र केलं नाही. तेवढं करायला बोट उठेना. उठून तोंड धुतलं आणि पुस्तकांवर नंबर टाकत बसले.

शुक्रवारी संध्याकाळी पद्माताईंना भेटायला गेले. डायलिसिस सुरू होऊन पाच महिने झाले होते, हाताची नुसती काडी झालेली, तरी शनिवार चालूच होता. मी जवळ बसले तशी त्यांनी विचारलं, "गौरीची यादी तिनंच लावली न्हवं?" मी हो म्हटलं. "कन्फर्म?" मी परत हो म्हटलं... त्या माझा हात धरून म्हणाल्या, "सुनंदा, मला जरा भीती वाटायलीय." आयुष्यभर दुसऱ्यांना नाव लिहा म्हणणारी बाई मला आपलं कारण सांगत होती, आणि मी पुढे विचारलंच नाही. मला माझं खोटं उघडं पडेल याची धास्ती. उद्या शनिवारी भेटू, आराम करा, असं काहीतरी बोलून मी उठले.

शनिवारी फोन आल्यावर मी गौरीला उठवून ताई गेल्याचं सांगितलं आणि शाळेत गेले. अंत्ययात्रा दुपारी दोनला होती आणि आठवी ब मध्ये पालक येऊन बसणार होते, त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. आठ-नऊ जण होते, सगळ्यांच्या मांडीवर कागदांच्या पिशव्या. मी सांगितलं. मग पुढच्या बाकावरची एक आई, नातेपुत्याकडची, हळूच म्हणाली, "मग आमच्या फॉर्मचं कसं वो?" आणि लगेच पदर तोंडावर धरला. तिनं नऊ वाजता विचारलं, मी सात वाजताच विचारून बसले होते.

मागच्या बाकावरचे एकजण म्हणाले, "मॅडम, आज तुमी सांगा की." मी खडू हातात घेतला. तीच आई परत उठली. तिच्या मुलीनं यादीत लांबचं कॉलेज वर टाकलं होतं. "मी ते गुपचूप खाली केलं तर चालतंय का? तिला कशाला सांगायचं, नंबर लागला न्हाय म्हणायचं. लई भ्या वाटतं वो मला." सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुरुवारी मी स्वतः तेच करून बसले होते. मी खडू खाली ठेवला. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा, आणि बाहेर जाऊन गौरीला फोन केला, लगेच शाळेत ये.

ती येईपर्यंत मी टेबलावर कोरा कागद घेऊन बसले. 'गौरीला दमा आहे' असं लिहिलं. मग खोडलं. दमा तिला आहे, पण यादी दम्यानं बदललेली नव्हती. दुसरी ओळ लिहायला मला फार वेळ लागला. गौरी आली, तिला मी वर्गात, त्या सगळ्यांच्या देखत समोर उभी केली, कारण एकटीला सांगितलं असतं तर मी परत काहीतरी फिरवलं असतं. कागद उचलला. वाचलं, "गौरीची यादी मी बदलली. कारण सुनंदाला भीती वाटते."

गौरी चिडली असती तर मी तयार होते. तिचे डोळे भरले, ओठ घट्ट मिटलेले, आणि मला वाटलं आता ही मला कधी जवळ करायची नाही. मग म्हणाली, "मलापण वाटते, आई. तुला काय वाटलं, मला वाटत नाही?" आणि डोळे पुसत म्हणाली, "मी तुला सांगितलं नाही, कारण तू मग पाठवणारच नाहीस." नातेपुत्याकडची आई मोठ्यानं रडायला लागली. गौरीनं माझा मोबाइल घेतला, लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर जाऊन यादी पहिल्यासारखी लावली, ओटीपी टाकला आणि कन्फर्म केलं. मग आम्ही दोघी पद्माताईंच्या घरी गेलो.

याला आता सात आठवडे झाले. गौरी पुण्यात आहे. रूममेटला पंप कुठं ठेवलाय ते तिनं पहिल्याच दिवशी दाखवलं, असं सांगते, आणि मी विश्वास ठेवायचा प्रयत्न करते. फोन आला नाही की माझ्या छातीत धडधडतं, आला की आणखी धडधडतं. शुक्रवारची ती संध्याकाळ तर डोळ्यांपुढून हलत नाही. कशाची भीती, ताई, एवढं विचारायला किती वेळ लागला असता...

शनिवारी आठवी ब अजून भरते. ताईंची खुर्ची फळ्याजवळ आहे, निळ्या उशीची, त्यांच्या पाठीच्या दुखण्यासाठी श्रीनिवासनं आणलेली. तिथं कुणी बसत नाही, मीही नाही. मला जे येतं ते मी पहिल्या बाकावर बसून सांगते, कागद बघते, चुकलं तर ऑफिसात विचारून येते. परवा वर्ग संपल्यावर एक आई मागे राहिली. तिचा मुलगा पुढच्या आठवड्यात बाहेरगावी जाणार. म्हणाली, "मॅडम, ही भीती कधी जाती वो?" मी सवयीनं खुर्चीकडे बघितलं. मग म्हटलं, "मला माहीत नाही. माझी अजून आहे." आणि बाकावर जरा सरकून तिला जागा केली.