ठोक्या नर की मादी?

घरात मेलं म्हणून मातीत पुरलेलं जनावर आठवड्याभरानं आपल्याच टाकीत ठकठक करायला लागलं, तर तुम्ही काय कराल? इलाहीनं हातातला पाना टाकून टाकी गाठली. त्याची आई इमामबी उठून हात धुवून आली, कारण पुरलं होतं तिनं.

इलाही म्हणजे शिरूरच्या बसस्टँडमागचा मोटार वायंडिंगवाला. मूळचा केंदूरचा. शाळा सुटली ती सुटलीच, मग दौंडला एका उस्तादाच्या हाताखाली तांब्याची तार गुंडाळत मोठा झाला. शेतकरी मोटार घेऊन आला की हा आधी कान लावतो, मग पाना उचलतो. पंचेचाळिशी आली तरी लग्न नाही. विषय काढला की मोटारीखाली शिरतो.

रांजणगावच्या एका कंपनीतल्या साहेबाकडं समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी होती. तिचे पंप इलाही बघायचा. टाकीतले मासे एकेक करून गायब व्हायला लागले, साहेब वैतागला, आणि बदली झाली तसा टाकी, दगड, मिठाचं पोतं सगळं इलाहीच्या टेम्पोत घालून मोकळा झाला. मासे कुणी खाल्ले ते इलाहीला घरी आल्यावर कळलं. दगडाच्या भोकात कोळंबीसारखं काहीतरी बसलं होतं, पुढचे दोन पाय नाकतोड्यासारखे दुमडलेले, डोळे देठावर. त्यानं बोट पुढं केलं. अंगठ्याचं नख उभं फुटलं.

"आवाज ऐकला का ताई?" तो मला म्हणाला. मी इथल्या साप्ताहिकात लिहिते, लोकांची गाऱ्हाणी घेऊन कचेऱ्याही फिरते. "बेअरिंग फुटल्यावानी."

त्या दिवसापासून त्याचं नाव ठोक्या. दुसऱ्या दगडात तसंच आणखी एक निघालं. ते दुसऱ्याच दिवशी प्लॅस्टिकच्या टबात दुसरा पंप लावून वेगळं ठेवलं. पाण्यातलं मीठ मोजायला इलाहीनं तळेगाव ढमढेऱ्याच्या डेअरीतून दूध तपासायचा लॅक्टोमीटर आणला. आकडा पंचविसावर ठेवायचा. एवढ्यावर डेअरीवाला पाणी घातलंय म्हणून दूध परत पाठवतो, पण ठोक्याला मानवलं.

मग एक दिवस ठोक्यानं भोकाचं तोंड आतून खड्यांनी बुजवून घेतलं, आणि बाहेर पांढरट, पाय पसरलेलं कलेवर पडलेलं. इमामबीनं ते फडक्यात गुंडाळून जास्वंदीखाली पुरलं. इलाही दोन दिवस जेवला नाही.

आणि आता आतून ठकठक.

मी कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सायली मॅडमना घेऊन आले. बाई सरळ. म्हणाल्या, "मी हे फक्त फॉर्मेलिनच्या बाटलीत पाहिलंय. मँटिस श्रिंप म्हणतात. तुम्ही पुरलंत ती कात असणार. कात टाकली की अंग मऊ असतं, म्हणून भोक बंद करून बसतं."

इलाही हसला, पण लगेच चेहरा पडला. दोन हजार सहाचा उन्हाळा, लाइट दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नाही. लाइट गेली की पंप बंद, पंप बंद की पाण्यातली हवा संपते. त्याच्याकडं इन्व्हर्टर एक, बॅटरी म्हातारी, एकच पंप ओढते. मी वीज कार्यालयात जाऊन टेबलावर हात आपटून आले. तिथला साहेब म्हणाला, "लोकांचे ऊस वाळलेत बाई, तुम्ही कोळंबीचं काय घेऊन बसलात?" ऊसवाल्यांसाठीही मीच आले होते गेल्या आठवड्यात, तेव्हा तरी काय दिवे लावले होते त्यानं.

म्हणजे दोघं एका टाकीत घालायची, नाहीतर एक गमवायचं.

"एका जातीची, नर-मादी असली तर कदाचित नांदतील," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर एकच उरेल. नराला चालायच्या शेवटच्या पायांच्या मुळाशी दोन बारीक काड्या असतात. मादीला नसतात. ठोक्या काही आत्ता भोकातून निघायचा नाही, पण ती कात असती तर..."

सगळ्यांनी इमामबीकडं बघितलं.

"मातीत घातलेलं उकरू न्हाई," ती म्हणाली.

"अम्मा, त्यो मेलेला न्हाई. त्याचा सदरा पुरलाय तू."

म्हातारीनं खुरपं आणून दिलं, पण बोलायची राहिली नाही. "स्वतःचं जमलं न्हाई, आन् किड्याचं जमवाय निघाला."

फडकं निघालं. मुंग्यांनी आतून साफ केलेलं. मॅडमनी कात पाण्यात भिजवली, भिंग लावलं. एका बाजूचे पाय तुटून गेलेले. दुसऱ्या बाजूला पाय शाबूत, काडी नाही.

"मादी असावी," मॅडम म्हणाल्या.

"असावी म्हंजी?"

"काडी गळून पडली नसेल तर."

टबातलं दुसरं प्लॅस्टिकच्या बरणीत घेतलं. इलाहीनं बरणी डोक्यावर धरली, मॅडमनी खालून बघितलं. काड्या दोन, स्पष्ट. नर. राहिली जात. कोपराला गाठ दोघांच्याही, म्हणजे दोघं ठोकणारेच, भोसकणाऱ्या जातीतले नव्हेत. पण खरी ओळख पुढच्या पायाच्या आतल्या ठिपक्याच्या रंगावर. तो दिसतो फक्त रागावून हात फाकवले की. इमामबीचा आरसा काचेला लावला. ठोक्यानं खडे पाडून भोकातून तोंड काढलं आणि स्वतःलाच धमकावलं. ठिपका पांढरा. टबातल्याचा मॅडमना पांढरा दिसला, इलाहीला पिवळा. पुन्हा आरसा. पुन्हा तेच. तेवढ्यात लाइट गेली.

टबातलं पाणी गप्प झालं. इलाही त्याच्याकडं बघत राहिला, मग पंपाच्या कव्हरचा पत्र्यासारखा कडक प्लॅस्टिकचा तुकडा काढला, ड्रिलनं, तेही हातानं फिरवून, भोकं पाडली आणि टाकीच्या मध्ये आडवा बसवला. अलीकडं ठोक्या, पलीकडं दुसरा. दोघं एकाच पंपावर.

आज सकाळी गेले तर इलाही टाकीला कान लावून बसलेला, मोटारीला लावतो तसा. दोन्हीकडून मधल्या प्लॅस्टिकच्या एकाच भोकावर ठोके पडतायत. ते आता करंगळी जाईल एवढं झालंय. भेटायला ठोकतायत की मारायला, त्याला ओळखू येत नाही. एवढी वर्षं ऐकत आला, पण हा आवाज त्याच्या ओळखीचा नाही.

वाचणाऱ्यांत कुणी समुद्रकाठचं असेल, हा ठिपका ओळखणारं असेल, तर शिरूर स्टँडमागं या. भोक मोठं व्हायच्या आत या. आणि आल्यावर काचेवर टिचकी मारू नका.