माबियेलाच्या चटया

मे महिन्यात म्टुन्झिनीच्या खाडीकाठी लव्हाळ्याची कापणी खुली झाली की माबियेला विळा घेऊन सगळ्यांच्या आधी चिखलात उतरायची. बियेलांची लेक म्हणून सासरी तिला माबियेला म्हणत. तिचं जन्मनाव घेऊन हाक मारणारं आता तिथे कुणी उरलं नव्हतं. आसपास कुठेही लग्न ठरलं की नवरीकडची माणसं चटयांसाठी तिच्याच दारी येत. नवरीने सासरच्या प्रत्येकाला चटई आणि घोंगडी द्यायची, गेलेल्यांनाही त्यांच्या नावाने द्यायची, हा उमाबो. अंगणात एकेकाला नावाने पुकारतात. तो नव्या चटईवर आडवा होतो, नवरी त्याच्यावर घोंगडी घालते आणि बायका भोवती नाचतात. एवढं पार पडलं की नवरी त्या घरची झाली.

माबियेलाच्या चटयांवर कितीतरी नवऱ्या अशा घरच्या झाल्या होत्या. तिचा स्वतःचा उमाबो मात्र झालाच नव्हता.

तिच्या नवऱ्याने, एल्फास म्थियानेने, लग्नात ठरलेली सगळी गुरं तिच्या बापाला दिली होती, त्यात काही खोट नव्हती. पण त्याच साली दंगलीत तिच्या बापाचं घर जळालं आणि घोंगड्या घेऊन यायला माहेर उरलं नाही. पुढे तीन मुलं झाली, विटांचं घर झालं, आणि उमाबो राहूनच गेला. सासू मरेपर्यंत तिला ‘पाहुणी’ म्हणायची. हसत म्हणायची, त्यामुळे उलट बोलायची सोय नव्हती. सासू गेल्यावर तो शब्द कुणी तोंडातून काढला नाही, पण विसरलंही कुणी नव्हतं. उमाबोत नावं पुकारली जात तेव्हा माबियेला चुलीपाशी काहीतरी काम काढून बसायची.

मग धाकटा दीर मुझी याचं फिकिलेशी जमलं. फिकिले एम्पांगेनी शहरात औषधांच्या दुकानात कामाला होती. तिची आई चटया सांगायला आली, ती बसायच्या आधीच बोलायला लागली.

“तुमच्याच हातच्या हव्यात बरं का. आमची पोर म्हणते, थोरल्या जाऊबाईंच्या चटया नसतील तर मी येतच नाही.”

“मग नका येऊ,” असं माबियेलाच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, “घोंगड्या झाल्या का घेऊन?”

“तिच्या बाबांनी कधीच आणल्या. गाडीत मावेनात.”

त्या दिवसापासून माबियेलाला फिकिलेचं काहीच गोड लागेना. ती हसली की पुढच्या दोन दातांतली फट दिसायची आणि लोक त्या फटीचंही कौतुक करायचे. सुट्टीला आली की अंगण झाडून ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची, जणू म्थियानेंचं अंगण तिच्या आजोबांनी आखलं होतं. तिने रांधलेल्या अळकुड्या मुझीने दोनदा मागून घेतल्या, तेव्हा माबियेला म्हणाली, “मीठ जरा पुढे आहे.” मीठ बरोबर होतं. मागाच्या आडव्या काठीवरून दगड बांधलेल्या दोऱ्या ती अशा आवळायची की एल्फास म्हणाला, “चटई विणतेस की कुणाचा गळा?”

“तुम्ही आपली गुरं बघा.”

चटया जवळजवळ पुऱ्या झाल्या तेव्हा तिला कळून चुकलं की आपल्या हातात एक हत्यार आहे. थोरल्याच्या बायकोचं राहिलेलं असताना धाकट्याच्या बायकोचा उमाबो करायचा नाही, हा म्थियानेंचा जुना नेम होता. कुणी बोट दाखवलं नाही तर सगळे कानाडोळा करणार होते. बोट दाखवायचं तर मात्र ते आधी स्वतःकडेच वळवावं लागणार होतं.

दोन रविवार तिने चर्चमधून परतताना ओत्तीलिया आत्याबाईंच्या घरावरून मान खाली घालून पाय उचलले. एल्फासची ही आत्या आता घराण्यात सगळ्यांत थोर. तिसऱ्या रविवारी ती आत शिरली. आत्याबाई आंबील पीत बसल्या होत्या.

“आत्याबाई, थोरलीची जागा रिकामी असताना धाकटी बसते का?”

आत्याबाईंनी पेला खाली ठेवला. “कुणाची जागा रिकामी आहे?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मला पुष्कळ माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकते.”

माबियेलाने ओढणीने गळ्यावरचा घाम पुसला. “माझी,” ती म्हणाली. “मी या घरची झालेली नाही.”

“एवढी वर्षं घेतलीस बोलायला. आणि बोललीस ती त्या पोरीच्या जळफळाटाने.”

आत्याबाईंनी आंबील संपवली आणि पुतण्यांना बोलावणं धाडलं.

गोठ्याशी पुरुषांची बैठक झाली. एल्फासने खाली बघून काठीने माती उकरली. “आता? नातवंडं आहेत तुला.”

“नातवंडांनाही बघू दे,” माबियेला कुंपणाबाहेरून म्हणाली.

ठरलं ते असं: आधी थोरलीचा उमाबो, मग धाकटीचा. माहेर जळालं तेव्हा पोरवयात असलेला, आता रिचर्ड्स बे बंदरात राहणारा माबियेलाचा भाऊ बकरा आणि घोंगड्या घेऊन येणार. चटया मात्र नव्या कुठून आणायच्या? लव्हाळं संपलं होतं. फिकिलेसाठी विणलेल्याच वापरायच्या, आणि फिकिलेने पुढच्या मेपर्यंत थांबायचं.

फिकिले स्वतः आली. डोळे सुजलेले होते.

“ताई, कार्डं छापून झाली होती.”

“पुढच्या साली नवी छापा.”

“मला आधी सांगितलं असतं तर मीच थांबले असते. मुझीला सांगितलं असतं, आधी ताईंचं.”

हे माबियेलाला सगळ्यांत जास्त झोंबलं. पोर खरंच थांबली असती. या मुलीला चांगुलपणासुद्धा बापाच्या घोंगड्यांसारखा गाडी भरून मिळाला होता.

उमाबोच्या दिवशी माबियेलाने डोक्यावर सवाष्णीची रुंद लाल टोपी चढवली आणि अंगणाच्या मधोमध गुडघे टेकले. गुडघे कटकन वाजले, तशा बायका हसल्या. पहिलं नाव गेलेल्या सासूचं. तिच्या जागी आत्याबाई चटईवर आडव्या झाल्या आणि खालून म्हणाल्या, “फार घट्ट विणली आहेस गं, हाडं टोचतात.” माबियेलाने सासूच्या नावाची घोंगडी त्यांच्या पायांपासून हनुवटीपर्यंत सावकाश पसरली. त्या क्षणी तिला कुणाचा हेवा वाटला नाही.

मग गाणं सुरू झालं आणि ते फिकिलेने उचललं. आवाज असा लागला की एल्फाससुद्धा मान वळवून तिकडे बघायला लागला. म्हातारे, पोरंटोरं, रिचर्ड्स बेहून आलेला स्वतःचा भाऊ, सगळ्यांचे डोळे त्या दातांतल्या फटीवर. आजच्या दिवशीही.

नावं संपली होती. एक चटई आणि एक घोंगडी जास्तीची उरली होती. माबियेला त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिने मोठ्याने पुकारलं, “फिकिले, माझी जाऊ.”

अजून घरची न झालेल्या मुलीला कुणी असं पुकारत नसे. आत्याबाईंनी भुवया उंचावल्या, पण थांबवलं नाही. फिकिले रडत रडत चटईवर आडवी झाली. बायकांनी आनंदाने किलकारी दिली.

माबियेलाने घोंगडी पायांवरून ओढली, पोटावरून, खांद्यांवरून, आणि थेट डोक्यावरून पलीकडे नेऊन कडा चटईखाली खोचली.

“ताई,” आतून आवाज आला, “श्वास तर घेऊ द्या.”

“घे की. तोंड तेवढं बाहेर काढू नकोस.”

मग माबियेला तिच्याभोवती नाचायला लागली. बघायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून सगळे तिच्याकडेच बघत होते. आज ती लवकर थांबणार नव्हती.