कापलेलं टोक

नात नेटवर्कचं काम शिकते. आज स्वयंपाकघरात बसून वायरीच्या टोकाला प्लग लावत होती. आत रंगीत तारा असतात; एक जरी इकडची तिकडे झाली, तर टेस्टरचे दिवे ओळीने लागत नाहीत. नाहीच लागले. एकदा दाबलेला प्लग उघडत नाही, म्हणून तिने पकडीने टोकच कापलं आणि पुन्हा वायर सोलायला घेतली.

"वाया घालवतेय नुसती. त्यापेक्षा हिला स्थळं बघू," तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला.

चुकीचं जोडलेलं कापता येतं, हे मला कोणी शिकवलं नाही. मी ते तसंच ओढलं, आणि लोक त्याला संसार म्हणत राहिले.

"वायर पुष्कळ आहे," मी म्हणाले. "स्थळाचं तिच्याशीच बोल. पक्कड तिच्या हातात आहे."